गळ्यातली माळ काढू का ठेवू?

पखवाजवाला, खानापूर तालुका (रात्री १:२०)

नमस्कार मंडळी. इथं बहुतेक जण बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर भागातले आहात म्हणून इथं विचारतोय. मागं एकदा पुण्याकडच्या ग्रुपवर लिहिलं होतं. तिथं 'तुमची मराठी किती गोड' म्हणून लोक पुढं गेले.

वय २३. गाव जांबोटी रस्त्याला. उद्यमबागेत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, कास्टिंगची मापं घेतो. घरात तीन पिढ्यांची माळ आहे. आजा पायी पंढरपूरला जायचा, आप्पा दिंडीबरोबर जातात, मी सातवीत असताना माळ घातली. गावच्या भजनी मंडळात पखवाज मी वाजवतो. डाव्या पुडीला कणीक किती लावायची हे आप्पांनीच शिकवलं.

आता मूळ गोष्ट. मला पोरं आवडतात, पोरी नाही. आठवीपासून माहीत आहे. याला शब्द कुठला वापरायचा हेच कळत नाही. 'समलैंगिक' म्हटलं की पेपरात पोलिसांनी पकडल्याची बातमी वाचल्यासारखं वाटतं. 'गे' म्हणावं तर आमच्याकडं 'काय गे, कुठं चाललीस' अशी बायकांना हाक मारतात. म्हणून शब्दाशिवायच सांगितलं.

गेल्या महिन्यात गावात सप्ताह झाला. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, दोन-दोन तासांचे पहारे असतात. रात्री दोन ते चारचा पहारा कुणाला नको असतो, तो मी मागून घेतो. देवळात मी, वीणा आणि समईभोवतीचे किडे. त्या दोन तासांत माझ्या डोक्यात काही येत नाही. वर्षातल्या बाकीच्या रात्री दोन ते चार मी अंथरुणात जागा असतो आणि तेव्हा सगळंच येतं.

सहाव्या दिवशी रात्रीच्या कीर्तनाला बाहेरचे महाराज होते. बोलता बोलता 'आजकालची पोरं' हा विषय निघाला. त्यांनी उपरणं पदरासारखं डोक्यावरून घेतलं, बायकी चालून दाखवलं आणि म्हणाले, असलं पोर पोटाला येण्यापेक्षा आई वांझ राहिलेली बरी. मांडव हसला. टाळकरी हसले. आप्पा पहिल्या रांगेत होते, ते हसले. मीही हसलो. मग महाराजांनी चरण धरलं आणि माझा ठेका बरोबर पडला, मात्रा इकडची तिकडं झाली नाही. घरी आल्यावर मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. विणेकरी आबा माझ्या मागं उभे होते, ते हसले की नाही मला दिसलं नाही.

मी बायकी चालत नाही. चाललो असतो तरी काय म्हणा.

आईला माहीत आहे. श्रावणात तिनं माझा मोबाईल बघितला. आप्पांना तिनं सांगितलं नाही, आत्तीला सांगितलं. आत्तीनं आधी एका बेळगावच्या डॉक्टरकडं नेलं. ते म्हणाले, सहा सिटिंग लागतील, एकाचे १,५०० रुपये, नव्वद टक्के पोरं सुधारतात. दोन झाली. डोळे मिटून बाईचा विचार करायला लावतात आणि मनगटाला रबर बांधून तो ओढायला सांगतात. मग एका भगताकडं. त्यानं तांदूळ टाकून बघितलं आणि म्हणाला, हे आईचं आहे, यल्लम्मानं मागितलंय, पोराला लुगडं नेसवून जोगता म्हणून सोडा नाहीतर घराला पीडा. आता आत्तीनं तिसरा उपाय काढलाय, लग्न. चंदगड तालुक्यातली मुलगी आहे, बारावी झालेली, चांगली आहे म्हणतात. मार्गशीर्ष संपायच्या आत बघायला जायचं आहे.

दिवाळीपासून वजन ६२ वरून ५४ वर आलं. जेवण जात नाही. नको ते विचार येतात, आठवड्यातून तीन-चारदा. कामावर जातो, घरी येतो, कुणाला काही दिसत नाही.

माझा प्रश्न साधा आहे. माळ काढू का ठेवू? मंडळ, पखवाज, वारी सगळं सोडून बेंगळूरला जावं आणि परत देवाचं तोंड बघू नये असं एकदा वाटतं. खरं ते सोडलं तर ते दोन ते चार कुठं काढायचे?

एक विनंती. शिखंडी, अर्धनारीनटेश्वर, मोहिनी ही उदाहरणं देऊ नका. कीर्तनात ऐकून पाठ झाली आहेत. शिखंडीला चंदगडचं स्थळ आलं नव्हतं.

बेळगावकर१९६५

मोबाईल बंद कर, ओव्हरटाईम कर, आठ दिवसांत सगळं जातं. आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

शहापूरची ताई

आधी सगळ्यात महत्त्वाचं. नको ते विचार आठवड्यातून तीन-चारदा येतात हे तू ओघात लिहून टाकलंस, पण मी तिथंच थांबले. आत्ता या क्षणी तसं काही मनात असेल तर पुढचं वाचू नकोस, १४४१६ ला फोन कर. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं, भाषा निवडता येते. विचार नुसते येऊन जात असतील तरी उद्या कर. घरातल्या किंवा कामावरच्या एका तरी माणसाला 'मला झोप नाही, मला बरं वाटत नाही' एवढं सांग. कारण सांगायची गरज नाही.

मी समुपदेशक आहे, बारा वर्षं हेच काम करते. त्या रबराबद्दल वाचून संताप आला. तो उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं, २०१८ साली हा आजार नाही असं जाहीर सांगितलं. मद्रास हायकोर्टात एका जोडप्याचा खटला चालला, त्यातून पुढं २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 'बदलून देतो' म्हणणारे असले उपचार डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे तिसऱ्या सिटिंगला तू जायचं नाहीस, आणि तक्रार करायची असेल तर कर्नाटक मेडिकल कौन्सिल आहे. 'नव्वद टक्के सुधारतात' हे कुठल्या वहीत लिहून ठेवलंय ते विचारायची माझी फार इच्छा आहे.

आता धर्माचं. माझ्या क्षेत्रातले काही लोक पटकन सांगतात, सोड तो धर्म, मोकळा होशील. मी नाही सांगत. अमेरिकेतल्या २१ हजारांवर कॉलेजच्या मुलांच्या माहितीवर २०१८ साली एक अभ्यास आला. धर्म मला महत्त्वाचा आहे असं म्हणणाऱ्या इतर मुलांत आत्महत्येचे विचार कमी दिसले. समलिंगी मुलांत आणि स्वतःबद्दल अजून ठरत नसलेल्या मुलांत मात्र उलट, धर्म जितका जवळचा तितके विचार जास्त. तिथली चर्च वेगळी, आपली देवळं वेगळी, ते आकडे इथं चिकटवू नयेत. पण माझ्यासमोर बसलेल्या मुलांत मला तेच दिसतं. जी वस्तू इतरांना धरून ठेवते तीच यांना टोचते, कारण धरणारा हात आणि टोचणारा हात एकाच माणसाचा असतो. महाराज बोलले याचं तुला एवढं लागलं नसतं. आप्पा हसले.

घरच्यांबद्दल तर आणखी सरळ आहे. कॅटलिन रायन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या २२४ तरुणांचा अभ्यास २००९ साली छापला. ज्यांना घरच्यांनी जास्तीत जास्त धुत्कारलं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केलेले ८.४ पट जास्त निघाले, ज्यांना घरून फारसं धुत्कारलं गेलं नाही त्यांच्या तुलनेत. हे तुला घाबरवायला नाही सांगत, तुझ्या आईला कधी दाखवायची वेळ आली तर असावं म्हणून. तिनं तुला भगताकडं नेऊ दिलं ते वैर म्हणून नाही. तिला दुसरा पत्ता माहीत नव्हता.

आणि तू माझ्याकडं ये किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा. जिवाला धोका असल्यासारखी कारणं सोडली तर तू सांगितलेलं घरी सांगायची त्यांना मुभा नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क आहे, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येणार नाही हेही त्यातच आहे. वजन आठ किलो उतरलंय, ते मनाचं म्हणून सोडू नकोस, रक्त तपासून घे.

पखवाजवाला

ताई, धन्यवाद. १४४१६ चा नंबर मोबाईलमध्ये 'कास्टिंग सप्लायर' म्हणून सेव्ह केलाय. जिल्हा रुग्णालयात कानडीत बोलावं लागेल ना? मला कानडी बोलायला येतं. खरं कानडीत रडायला येत नाही.

शहापूरची ताई

तिथं मराठी समजणारे भरपूर आहेत. नाही भेटले तर मला कळव, मी येते बरोबर. सीमाप्रश्न आपण ओपीडीच्या बाहेर ठेवू.

परडी, गोकाक

बेळगावकर काका, तुमच्या वेळी मी होते की. सौंदत्तीच्या डोंगरावर, भरत पुनवेला. तुम्ही आला असाल तर माझ्या पायाला हात लावून भंडारा पण घेतला असाल.

पखवाजवाल्या, तुझ्यासाठी लिहिते. मी जन्मले चिकोडी तालुक्यात, मराठा घरात. चौदाव्या वर्षी डोक्यात जट आली. घरात म्हणाले, यल्लम्माआईनं मागितलंय. मला लहानपणापासून लुगडं नेसावं वाटायचं, त्यामुळं मलाही पटलं. जोगुळभावीत अंघोळ घातली, मोती बांधले, परडी हातात दिली. आता पस्तीस वर्षं झाली. देवीनं बोलावलं की घरच्यांनी घालवलं, मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही. दोन्ही असेल.

तिनं मला जागा दिली हे मी नाकारत नाही. मंगळवार-शुक्रवार लोक दारात बोलावतात, जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, डोक्यावर घेतला की पाटलीणबाई पण पाया पडते. बुधवारी त्याच पाटलिणीचा पोरगा बसस्टँडवर शिट्टी मारतो. आमच्यातल्याच मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी टीव्हीला हळद-कुंकू लावलं. खरं दुसऱ्या दिवशी भाड्यानं खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. हे असं आहे.

तुझं वेगळं आहे. तुला बाई व्हायचं नाही. तू पुरुष आहेस आणि तुला पुरुष आवडतो, एवढंच. आमच्या भागातल्या भगताकडं दोनच खुंट्या आहेत, एक नवऱ्याची आणि एक जोगत्याची. तिसरा माणूस दिसला की तो यापैकी एकीवर टांगतो. पीडा होईल ही धमकी त्याची, आईची नाही. मी पस्तीस वर्षं तिच्या दारात आहे, मला तरी तिनं कुणाच्या घराला पीडा दिलेली दिसली नाही. देवीला पोरी सोडायला १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, तेव्हाही 'देवी कोपणार' म्हणून ओरडणारे होतेच. डोंगर अजून जागेवर आहे.

कुणी जबरदस्तीनं हातात परडी द्यायला लागलं तर घेऊ नकोस. तुझ्या आईला माझ्याकडं घेऊन ये. मी सांगते तिला. भगताचं ऐकतात तर जोगतिणीचं नाही ऐकणार?

मार्था के.

मी ख्रिस्ती आहे, खानापूरचीच, आता गोव्यात नर्सिंग करते. मला मुली आवडतात. अकरावीत असताना एका रिट्रीटमध्ये, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेच्या शिबिरात, मला मध्ये बसवून सगळ्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, 'हिच्यातून ते निघून जावो.' चाळीस मिनिटं. त्यात माझी सख्खी मावशी होती. हात गरम होते तिचे, तेवढंच आठवतं.

पाच वर्षं मी चर्चची पायरी चढले नाही. २०२३ च्या डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला फादरना परवानगी दिली, लग्न नाही, विधी नाही, नुसता आशीर्वाद. मी तो कागद छापून आमच्या फादरकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाले, मला नीट माहीत नव्हतं, ठेवून जा. आशीर्वाद दिला नाही. खरं कागद ठेवून घेतला. आता मी नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला जाते, मागच्या बाकावर बसते, संपायच्या आधी निघते. तेवढं मला पुरतं. तुला किती पुरतं ते तूच मोज, दुसऱ्याच्या मापानं नको.

आणि बेंगळूरला जायचं तर नोकरी बघून जा, रागानं नको. मी रागानं गेले होते, पहिले सहा महिने फार वाईट गेले.

निपाणीचे मास्तर

राम कृष्ण हरी, माऊली.

मी निवृत्त शिक्षक. वय ६४. माझीही माळ आहे, आषाढीच्या पायी वाऱ्या सतरा झाल्या. तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळपर्यंत काही लिहिता आलं नाही, कारण तुझ्या गोष्टीत मी आहे. पहिल्या रांगेत बसून हसणारा.

माझा मुलगा आता एकतीसचा. २०१६ साली त्यानं मला सांगितलं. स्वयंपाकघरात, त्याची आई भाकरी थापत होती. मी काय केलं? त्याला देवघरात नेलं, विठोबाच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला आणि शपथ घ्यायला लावली की परत हे बोलणार नाहीस. त्यानं शपथ घेतली. त्यानंतर दोन वर्षं तो घरीच आला नाही. शपथ पाळायचा दुसरा मार्ग त्याच्याकडं नव्हता. मला वाटायचं, नोकरीत अडकलाय.

२०१८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ चा, समलिंगी संबंध गुन्हा नाही असा निकाल दिला तेव्हा शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर फिरत होता आणि लोक विनोद करत होते. त्यातला एक विनोद मीच केला. घरी आलो तर बायको म्हणाली, आज फोन लावा त्याला. मी लावला नाही. तिनं लावला. पुढं तो बेंगळूरहून आला, एका मित्राला घेऊन. मित्राचं ताट कुठं वाढायचं यावर आमच्या घरात पंधरा मिनिटं खल झाला. शेवटी माझ्या शेजारी वाढलं. तो मित्र शाकाहारी निघाला, एकादशीही करायचा, आणि मला त्याचा फार आधार वाटला. बघ, माणसाचं मन कशाला धरून पुढं सरकतं. सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालात समलिंगी लग्नाचा हक्क मिळाला नाही तेव्हा दोघांनी मला फोन केला नाही, मीच केला. काय बोलावं सुचलं नाही म्हणून पाऊस किती झाला ते विचारलं.

आता तुझा प्रश्न. तू मला वयानं लहान, खरं आपल्यात लहानमोठा पाया पडताना कुणी बघत नाही, म्हणून बरोबरीनं सांगतो. माळ घालताना तुझ्याकडून काय वदवून घेतलं ते आठव. एकादशी करीन. वारी चुकवणार नाही. मद्य-मांसाला शिवणार नाही. परस्त्री मातेसमान. खोटं बोलणार नाही. माझ्या वेळी एवढंच होतं, तुझ्या वेळी फार वेगळं नसणार. यातलं तू काय मोडलंस? मी रात्रभर शोधलं, मला एकही सापडलं नाही. मोडशील ते पुढं, चंदगडला. त्या पोरीसमोर पाटावर बसून 'पसंत आहे' म्हणालास की मोडलं. तिचं काय चुकलंय? बारावी शिकलेली पोर, ती जन्मभर आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजत राहील.

तेव्हा माळ ठेव, स्थळ नाकार. माळ महाराजांनी दिलेली नाही, त्यांनी ती काढायला सांगायचा प्रश्न येत नाही.

देवाच्या दाराचंही सांगतो. महाद्वारात नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. तिथं डोकं टेकून आपण आत जातो. चोखोबांना जिवंतपणी आत घेतलं नव्हतं. पुढं १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा दलितांना ते दार उघडलं. सहाशे वर्षांचा हिशोब आहे हा. तू तेवढं थांबावंस असं मी म्हणत नाही, कुणीच थांबू नये. खरं त्या सहाशे वर्षांत बाहेर उभं राहून नाम घेणाऱ्यांना वारकरी नव्हते असं म्हणायची आज कुणाची छाती आहे?

तुझ्या आप्पांशी मला बोलायला लावू नकोस एवढ्यात. आमच्यासारख्यांना वेळ लागतो, आणि तो वेळ तुझ्या तब्येतीतून वळता करून घेऊ नये. आधी ताई सांगतात ते कर.

बेळगावकर१९६५

मास्तर, तुम्ही असं लिहिल्यावर मी काय बोलणार. तब्येत सांभाळ रे पोरा.

पखवाजवाला (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. काही दिवस इथं यायची भीती वाटायची.

फोन केला. पहिल्या वेळी ठेवून दिला. दुसऱ्या वेळी फौंड्रीच्या मागं वाळूच्या ढिगाकडं उभा राहून बोललो, वीस मिनिटं. मशिनच्या आवाजानं बाईंना नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळं मला ते वाक्य तीनदा मोठ्यानं म्हणावं लागलं. जन्मात पहिल्यांदा, आणि ओरडून. शहापूरच्या ताईंकडं दोनदा जाऊन आलो. ओपीडीत दिलेली गोळी चालू आहे, ती मी देवघराच्या फडताळात ठेवतो, आईला अॅसिडिटीची म्हणून सांगितलंय. वजन ५५. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्याचं आईला बरं वाटलं, म्हणजे सांगायला कारण मिळालं.

त्या रबरवाल्या डॉक्टरकडं परत गेलो नाही. आत्ती म्हणाली, राहिलेल्या चार सिटिंगचे पैसे आगाऊ भरलेत. सहा हजार गेले. आत्तीला त्या सहा हजारांचं माझ्यापेक्षा जास्त दुःख आहे.

चंदगडचं मी स्वतः सांगू शकलो नाही. माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं, ती हलगा गावात दिलेली आहे. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या मध्यस्थाचा नंबर दे. तिनं फोन लावला आणि सांगितलं, आमच्या भावाची रक्ताची तपासणी चालू आहे, सहा महिने विषय नको. मास्तर, हे अर्ध खोटंच झालं. तुमच्या हिशोबात हे कुठं बसतं बघा. पूर्ण खरं सांगायची माझ्यात आत्ता ताकद नाही. सहा महिन्यांत येते का बघू.

परडीअक्का, आईला तुमच्याकडं आणायचं धाडस झालं नाही. खरं तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली, कुणाची आहे ते न सांगता, नुसतं 'एका जोगतिणीनं सांगितलंय' म्हणून. भगत परवा दारात आला होता. आईनं त्याला चहा दिला, दक्षिणा दिली नाही.

आप्पांना अजून माहीत नाही. किंवा असेल. काल पखवाजाला कणीक लावत होतो तर शेजारी येऊन बसले, म्हणाले, पातळ झालीय, थोडी घट्ट मळ. एवढंच.

माळ गळ्यात आहे.

एक गोष्ट राहिली. माघातल्या सप्ताहाला काल्याच्या कीर्तनासाठी तेच महाराज ठरवायचं चाललंय. मी काल विणेकरी आबांना गाठून सांगितलं, त्यांच्या कीर्तनाला मी वाजवणार नाही, हात दुखतो. आबा म्हणाले, कुठला? मी उजवा पुढं केला. आबांनी तो हातात घेतला, बोटं उघडून बघितली, मनगटावर रबराचा वळ अजून आहे तिथं अंगठा ठेवला. मग विचारलं, "मृदंगी दुसरा बघू का महाराज दुसरे बघू?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मंडळाची मिटिंग रविवारी आहे.